.२२ रायफलीची साइट आणि स्कोप: निवडण्यापासून झिरोपर्यंत, योग्य क्रमाने

आधी स्कोप घेतला जातो, मग तो रायफलीवर धरून ठेवणाऱ्या रिंगा शोधल्या जातात, मग कळते की त्या रिंगा रायफलीच्या माथ्यावरच्या या रेलवर (बसवणीच्या पट्टीवर) बसतच नाहीत. कशाबशा बसवल्या तर मान ताणल्याशिवाय पूर्ण चित्र दिसत नाही. शेवटी रेंजवर गोळ्या विखुरतात आणि दोष स्कोपच्या माथी जातो. ‘स्कोप खराब निघाला’ या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा उलटा लावलेला क्रमच असतो. खाली तो क्रम निवडण्यापासून झिरोपर्यंत, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल असे जुळवण्यापर्यंत, सुलट करून दिला आहे. इंदूर-महू भागात .२२ रिमफायर (काडतुसाच्या काठावर पिन आपटून उडणारी) रायफल, सेमी-ऑटो (पुढचे काडतूस आपोआप भरणारी) असो वा बोल्ट (हाताने भरायची), कागदी लक्ष्यावर चालवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. दहा मीटर एअर रायफलचे जिथे वेगळे पडते तिथे तसे सांगितले आहे. शिकारीच्या दुर्बिणीचा विषय इथे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी माणसासाठी तो प्रश्न उरलेला नाही.

पायरी १: रायफल रिकामी करा, स्क्रू नंतर

सेमी-ऑटोत क्रम चुकला तर धोका आहे. आधी मॅगझिन काढा. मग बोल्ट मागे ओढून अडकवा. मग चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) डोळ्याने पाहा आणि करंगळीने चाचपा. उलट केले, म्हणजे मॅगझिन आत असताना बोल्ट ओढून सोडला, तर जुने काडतूस बाहेर पडून नवे आत जाते. नंतर मॅगझिन काढून माणूस निर्धास्त होतो आणि चेंबर भरलेलेच राहते. काडतुसे कामाच्या टेबलावर नव्हे, दुसऱ्या खोलीत ठेवा.

इशारा: रिसिव्हरला (बोल्ट ज्यात असतो त्या रायफलीच्या धडाला) स्कोप बसवायची भोके नसतील तर सांवेर रोडवरच्या लेथवाल्याकडे रायफल नेऊ नका. शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात बदल करायला शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो. परवानाधारक गनस्मिथच गाठा आणि नेताना आपला परवाना सोबत ठेवा.

पायरी २: स्पर्धेचा नियम आधी वाचा

हे दुकानात जायच्या आधी करायचे. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रायफल प्रकारांत साइटमध्ये दुर्बीण चालत नाही. नजर सुधारणारे भिंग किंवा फिल्टर मागच्या साइटला लावता येते किंवा चष्म्यात घालता येते. पुढच्या साइटला भिंग अजिबात नाही. पुढच्या साइटची नळी जास्तीत जास्त २५ मि.मी. व्यासाची आणि ५० मि.मी. लांबीची असावी लागते. शालेय आणि राज्य पातळीवर ओपन साइट (मागे खाच, पुढे खांब) आणि पीप साइट (मागच्या बारीक छिद्रातून पुढच्या रिंगमध्ये पाहायची) असे वेगळे गट असतात. मुलाने ओपन साइटला नाव दिलेले आणि पालकांनी हौसेने पीप साइट आणलेली, असा गोंधळ दर हंगामात होतो. प्रवेशअर्जावरचा गट पाहा, मग पैसे काढा.

स्पर्धा आयएसएसएफची नसेल, टेकू देऊन पन्नास मीटरवर ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचे पुंजके) काढायचे असतील किंवा निव्वळ सराव असेल, तर स्कोप किंवा रेड डॉटला (काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटला) जागा आहे.

पायरी ३: रायफल मोजा

खरेदीला निघण्याआधी चार गोष्टी कागदावर उतरवा.

रेल कोणती? रिसिव्हरच्या माथ्यावर दोन बाजूंना तिरक्या खाचा असतील तर ती डव्हटेल. रुंदी व्हर्नियर कॅलिपरने मोजा. युरोपियन धाटणीच्या रायफली आणि एअर रायफलींत ती साधारण ११ मि.मी. असते. बऱ्याच अमेरिकन .२२ मध्ये ३/८ इंच, म्हणजे ९.५ मि.मी. दोन्हींच्या रिंगा दिसायला सारख्या असतात, पण एकीची दुसरीवर नीट पकड बसत नाही.

आडव्या खाचांची रेल असेल तर ती पिकाटिनी की वीव्हर, या दोन मापांपैकी कोणती, ते कळायला खाचेची रुंदी पाहा. पिकाटिनीची खाच ५.२३ मि.मी. रुंद असते आणि खाचांमधले अंतर ठरलेले असते. वीव्हरची खाच ४.५७ मि.मी. असते आणि अंतर कसेही असू शकते. म्हणून वीव्हरच्या रिंगा पिकाटिनीवर बसतात. उलट जमेलच असे नाही. हातोडीने ठोकून जमवू नका.

पुंगळी (उडालेल्या काडतुसाचे रिकामे आवरण) कुठून बाहेर पडते? सेमी-ऑटोत ती उजवीकडे जोरात उडते. स्कोप फार खाली बसवला आणि उजवा टरेट (स्कोपवरची नेम सरकवायची फिरकी) जाडजूड असला, तर पुंगळी त्यावर आपटून परत आत येते आणि बोल्ट अडकतो. लोक मग मॅगझिनला आणि गोळीला बोल लावतात.

दस्ता कसा आहे? जुन्या धाटणीच्या, खाली उतरत्या लाकडी दस्त्यावर गाल खाली बसतो. तिथे कमी उंचीच्या रिंगा हव्यात. सरळ दस्त्याच्या आधुनिक सेमी-ऑटोवर गाल नळीच्या रेषेतच येतो, म्हणून स्कोप रेलपासून बराच वर, साधारण साडेतीन ते चार सेंटीमीटरवर लागतो. त्यासाठी एकसंध माउंट मिळतो.

तपासा: डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल आरामात टेकवा, मग डोळे उघडा. नजर जिथे पडते त्या उंचीवर स्कोपचा मध्य यायला हवा. नेम लावताना तुम्ही घालता तेच कपडे अंगावर हवेत. शूटिंग जॅकेट घालणारा टी-शर्टवर माप घेतो आणि रेंजवर ते चुकते.

पायरी ४: प्रकार निवडा

ओपन साइट. फारशी निवड नाही. पुढच्या खांबाच्या दोन्ही बाजूंना मागच्या खाचेत प्रकाशाची स्पष्ट फट दिसावी. नजर पुढच्या साइटवर, लक्ष्य किंचित धूसर. चाळिशीनंतर हे जड जाऊ लागते. तेव्हा साइट बदलण्याआधी चष्म्याचा नंबर तपासा.

पीप साइट. इथे चुका पुढच्या साइटमधल्या रिंगच्या (स्कोपच्या रिंगा वेगळ्या) मापात होतात. पुढच्या रिंगमध्ये काळे वर्तुळ जितके घट्ट बसेल तितका नेम अचूक, असे नवख्यांना वाटते. तसे नाही. घट्ट रिंगमध्ये काळ्याभोवतीची पांढरी कड हलताना कधी दिसते, कधी नाही. डोळा थकतो आणि चाप ओढायला उशीर होतो.

माप असे काढा. दहा मीटरच्या एअर रायफल लक्ष्याचे काळे वर्तुळ ३०.५ मि.मी.चे असते, पन्नास मीटरच्या रायफल लक्ष्याचे ११२.४ मि.मी.चे. डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचे अंतर मीटरमध्ये मोजा. दहा मीटरसाठी त्याला ३.०५ ने गुणा, पन्नाससाठी २.२५ ने. अंतर ८५ सें.मी. असेल तर पुढच्या साइटपाशी काळे अनुक्रमे सुमारे २.६ आणि १.९ मि.मी. दिसते. त्याहून एक ते सव्वा मिलिमीटर मोठी रिंग घेऊन सुरुवात करा, म्हणजे दहा मीटरला ३.८ च्या आसपास. बदलायची असेल तर एका वेळी ०.२ मि.मी. मागचे छिद्र १.१ ते १.२ मि.मी.वर ठेवा. अंधाऱ्या हॉलमध्ये थोडे मोठे, उन्हात थोडे लहान. आयरिस (छिद्र लहान-मोठे करणारी कडी) असेल तर हे फिरवून जमते.

रेड डॉट. जवळच्या अंतरावर पटापट नेम लावायला उत्तम, बारीक ग्रुपसाठी कमी. ठिपक्याचे माप एमओएत (मिनिट ऑफ अँगल, कोनाचे माप) लिहिलेले असते. १ एमओए म्हणजे पन्नास मीटरवर १४.५ मि.मी. म्हणजे ३ एमओएचा ठिपका तिथे ४४ मि.मी. झाकतो आणि लक्ष्याचे १० चे वर्तुळ १०.४ मि.मी.चेच असते. ठिपका फुटलेला, शेपूट असलेला दिसला तर लगेच तो परत करू नका. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा. कॅमेऱ्यात तो गोल दिसत असेल तर तुमच्या डोळ्यात अॅस्टिगमॅटिझम (बिंदू पसरट दिसण्याचा दृष्टिदोष) आहे. मग काचेवर कोरलेल्या रेटिकलची (नेमाच्या तारांच्या खुणेची) प्रिझम साइट किंवा साधा स्कोप घ्या. प्रकाश ठिपका जेमतेम स्पष्ट दिसेल इतकाच ठेवा. जास्त केला की तो पसरतो.

स्कोप. सगळे आधी विचारतात, ‘किती एक्सचा?’ आधी विचारायला हवे ते पॅरालॅक्स, म्हणजे डोळा हलला की रेटिकल लक्ष्यावर सरकल्यासारखे दिसणे; ज्या अंतरावर ते ‘बांधलेले’ असते तिथे ते दिसत नाही. मोठ्या रायफलींसाठीच्या, पॅरालॅक्स बदलता न येणाऱ्या बऱ्याच स्कोपचे पॅरालॅक्स १०० यार्डांवर बांधलेले असते. असा स्कोप .२२ वर चढवून २५ मीटरवर मारले, तर डोळा जरा बाजूला गेला की रेटिकल लक्ष्यावर सरकते. गोळी योग्य जागी जाते, फक्त तुम्ही नेम धरला होता तिथे नाही. .२२ साठी रिमफायर म्हणून बनवलेला, साधारण ५० यार्डांवर बांधलेला स्कोप घ्या. त्याहून चांगला म्हणजे पॅरालॅक्स फिरवता येणारा. दहा मीटर एअर रायफलवर वापरायचा असेल तर पॅरालॅक्सच्या कडीवरचे सर्वात कमी अंतर १० यार्ड किंवा त्याहून कमी आहे का ते वाचा.

आता मोठेपणा. पन्नास मीटरला ९ एक्स म्हणजे लक्ष्य साडेपाच मीटरवरून बघितल्यासारखे. १०.४ मि.मी.चे वर्तुळ तिथून सहज दिसते. ३-९ किंवा ४-१२ पुरे आहे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा म्हणजे डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास: ४० ला ९ ने भागले तर ४.४ मि.मी., २४ ने भागले तर जेमतेम १.७. इतक्या बारीक वर्तुळात मान किंचित हलली की चित्र काळे. शिवाय एप्रिल-मेच्या दुपारी, मातीच्या रेंजवर जमिनीतून उठणारी झळ २४ एक्सने अशी वाढते की लक्ष्य पाण्यात बुडाल्यासारखे लवलवते. त्यापेक्षा पैसे रिंगांवर खर्च करा.

स्प्रिंगवाल्या ताकदवान एअर रायफलवर साधा स्कोप लावू नका. ती आधी मागे आणि लगेच पुढे झटका देते. तो उलटा झटका सोसायला साधे स्कोप बनवलेले नसतात. आतले रेटिकल सैल पडते. ‘एअरगन रेटेड’ असे स्पष्ट लिहिलेलाच घ्या.

पायरी ५: बसवणी

साहित्य: योग्य मापाचे हेक्स आणि टॉर्क्स बिट, न्यूटन-मीटर किंवा इंच-पाउंडचा टॉर्क स्क्रूड्रायव्हर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती फडके, निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारे चिकट द्रव्य), छोटी स्पिरिट लेव्हल, दोरी आणि ओळंबा. बिट सियागंजच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतील. टॉर्कचा स्क्रूड्रायव्हर मात्र अंदाजाने भागवायची वस्तू नाही.

१. बेसचे (रिंगा ज्यावर बसतात त्या पट्टीचे) स्क्रू, भोके आणि रेल अल्कोहोलने पुसा. कारखान्यातले तेल राहिले की स्क्रू त्याच टॉर्कला जास्त आवळला जातो.

२. बेस लावा. बेसच्या स्क्रूला थ्रेडलॉकरचा एक थेंब. अॅल्युमिनियमच्या रिसिव्हरमधले आटे नाजूक असतात, म्हणून बनवणाऱ्याने दिलेला आकडाच पाळा.

३. खालच्या रिंगा रेलवर ठेवा, पुढे नळीच्या दिशेने ढकला आणि धरून आवळा. झटक्याने रायफल मागे जाते, स्कोप जागीच राहू पाहतो. खाचेच्या पुढच्या भिंतीला रिंग आधीच टेकलेली असेल तर तो सरकायला जागा उरत नाही. दोन्ही रिंगा रिसिव्हरवरच हव्यात. एक रिसिव्हरवर आणि दुसरी हँडगार्डच्या (नळीभोवतीच्या, हाताने धरायच्या आवरणाच्या) रेलवर असे कधीही करू नका. हँडगार्ड हाताच्या दाबाने वाकतो आणि झिरो त्याच्यासोबत सरकतो.

४. स्कोप ठेवा, रिंगांच्या वरच्या टोप्या सैलच लावा. मोठेपणा सर्वात जास्त करा. स्कोप पुढे ठेवून हळूहळू मागे आणा. काठाला काळी सावली न राहता पूर्ण चित्र दिसले की थांबा. साधारण ७५ ते १०० मि.मी. अंतर येते. हे उभे राहून करा आणि पालथे झोपूनही. झोपल्यावर मान पुढे जाते, त्यामुळे दोन्हींत जमणारी जागा शोधा.

५. रायफल आडवी सरळ करा: रेलच्या सपाट भागावर लेव्हल ठेवा. दहा-बारा मीटरवर ओळंबा लटकवा. रेटिकलची उभी तार दोरीशी जुळवा. नुसत्या नजरेने ‘सरळ वाटते’ यावर जाऊ नका. जवळजवळ सगळ्यांनाच ते किंचित तिरके बसवायची खोड असते.

६. टोप्यांचे स्क्रू तिरक्या क्रमाने, पाव-पाव फेऱ्यांनी आवळा. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहू द्या. शेवटचा टॉर्क १.७ ते २.० न्यूटन-मीटर, म्हणजे १५ ते १८ इंच-पाउंड. रिंगच्या पाकिटावर वेगळा आकडा असेल तर तोच खरा. या स्क्रूंना थ्रेडलॉकर नको.

७. आवळल्यावर ओळंबा पुन्हा पाहा. आवळताना स्कोप फिरतोच. फिरला असेल तर सैल करून पुन्हा.

इशारा: ‘अजून थोडे’ आवळल्याने स्कोपची नळी चेपते. बाहेरून दिसत नाही, पण आत टरेट अडकत अडकत फिरू लागतो. नंतर रिंग काढल्यावर नळीवर खोल वळ दिसला तर समजा काय झाले ते.

तपासा: पुढच्या भिंगाची कड आणि नळी यात किमान २-३ मि.मी. फट हवी. बोल्टची मूठ मागेपर्यंत मोकळी जायला हवी. डमी (बारूद नसलेल्या) काडतुसांनी दहा वेळा हाताने फिरवून पाहा, सगळी बाहेर पडली पाहिजेत. डमीशिवाय चाप ओढू नका. बऱ्याच रिमफायर रायफलींत फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आपटून खाच पाडते.

पायरी ६: डोळ्याशी जुळवणे

आयपीसची (डोळ्याकडच्या भिंगाची) कडी फिरवून रेटिकल स्पष्ट करायचे. लक्ष्य स्पष्ट करायचे काम तिचे नाही, आणि घोळ होतो तो इथेच. मोकळ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे दोन-तीन सेकंदच पाहा, नजर हटवा, फिरवा, पुन्हा पाहा. टक लावून पाहिले तर डोळा स्वतः जुळवून घेतो आणि चूक लपते. सूर्याच्या दिशेला चुकूनही नको.

मग पॅरालॅक्स. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा, हात काढा आणि डोळा वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवा. रेटिकल लक्ष्यावर सरकत असेल तर कडी फिरवून सरकणे थांबवा. कडीवर छापलेल्या अंतरापेक्षा हीच परीक्षा खरी.

पायरी ७: झिरो

बोल्ट रायफलमध्ये बोल्ट काढून नळीतून लक्ष्य पाहता येते. बहुतेक सेमी-ऑटोत मागून नळी दिसत नाही, म्हणून थेट जवळच्या कागदापासून सुरुवात करावी लागते. लेझर बोअरसाइट (नळीत घालून तिची दिशा लेझरने दाखवणारे साधन) वापरला तर पहिल्या गोळीआधी तो नळीतून काढल्याची दोनदा खात्री करा.

दहा मीटरवर गोळी बरोबर मध्यात आणली आणि झिरो झाला असे मानले, तर पन्नासवर गोंधळ होतो. स्कोप नळीच्या ४० मि.मी. वर असतो आणि गोळी खालून चढत जाते. स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळी (सेकंदाला साधारण ३२०-३३० मीटर) पन्नासवर झिरो असेल, तर दहा मीटरवर ती सुमारे १३ मि.मी. खाली आणि पंचवीसवर सुमारे १० मि.मी. वर लागते. म्हणून दहावर मुद्दाम खाली आणा, मग पंचवीस, मग पन्नास.

आधी नळी घाण करा. साफ केल्यानंतरच्या पहिल्या पाच-दहा गोळ्या .२२ मध्ये मोजायच्या नसतात. मग पाच गोळ्यांचा ग्रुप. ग्रुपचा मध्य काढा आणि त्यावरच क्लिक करा, म्हणजे टरेट खट्-खट् फिरवा. एका गोळीवर क्लिक करणारा दिवसभर टरेट फिरवत बसतो.

पन्नास मीटरला ¼ एमओएची एक क्लिक ३.६ मि.मी., ⅛ ची १.८ आणि ०.१ मिलची (मिल हेही कोनाचेच माप) ५. ग्रुप ३६ मि.मी. खाली आणि १८ मि.मी. उजवीकडे असेल, तर पाव एमओएच्या स्कोपवर १० क्लिक वर, ५ क्लिक डावीकडे. पंचवीस मीटरवर त्याच अंतरासाठी दुप्पट क्लिक लागतात.

इशारा: स्कोपवरचा बाण गोळी कुठे न्यायची ते दाखवतो. जर्मन पीप साइटवरची अक्षरे बहुधा उलटी वाचायची असतात: गोळी वर लागली तर ‘एच’कडे (जर्मनमध्ये ‘वर’) फिरवा, म्हणजे ती खाली येते. आठवणीवर विसंबू नका. दहा क्लिक फिरवून एक ग्रुप मारा आणि दिशा स्वतः पाहा.

गोळी बदलली की झिरो पुन्हा. मिळेल तो डबा उचलायची सवय इथे महागात पडते. हाय व्हेलॉसिटी आणि स्टँडर्ड एकाच मॅगझिनमध्ये भरून ग्रुप तपासू नका. सेमी-ऑटोत दुसरीही भानगड आहे: सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाच्या) गोळीला बोल्ट पुरता मागे ढकलायची ताकद नसली, तर पुंगळी अडकते आणि पुन्हा संशय स्कोपच्या उंचीवर जातो. एक मॅगझिन दुसऱ्या गोळीने मारून पाहिले की कारण वेगळे काढता येते.

पायरी ८: टरेट खरे बोलतो का

मोठा कागद लावा, खाली एक ठिपका काढा. नेम सतत त्या ठिपक्यावरच. पाच गोळ्या मारा, ४० क्लिक वर जा, पुन्हा पाच. पाव एमओएच्या स्कोपला पन्नास मीटरवर दोन ग्रुपच्या मध्यांत साधारण १४५ मि.मी. अंतर यायला हवे. मग ४० क्लिक खाली या, पुन्हा पाच मारा. तिसरा ग्रुप पहिल्यावर पडला नाही तर रिंगांचा टॉर्क तपासा. तो बरोबर असेल तरच स्कोप दुकानात परत न्या. कागदावर तारीख, अंतर, गोळीचा प्रकार आणि क्लिक लिहून तो दुकानदाराला दाखवा. नुसत्या तोंडी तक्रारीपेक्षा तो कागद लवकर काम करतो.

झिरो पक्का झाल्यावर टरेटची कडी सैल करून शून्यावर आणा. रिंग आणि नळीच्या सांध्यावर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. पुढे स्कोप सरकला तर रेघ तुटलेली दिसेल. शंभरेक गोळ्यांनंतर सगळे स्क्रू एकदा टॉर्कने तपासा. नव्या बसवणीत ते थोडे सैल होतात.

हवामान

मे महिन्यात बंद गाडीत रायफल ठेवू नका. रेड डॉटची बॅटरी आणि चिकटवलेले भाग उन्हाने जातात. पावसाळ्यात रेंजवरून आणलेला स्कोप लगेच फोमच्या पेटीत बंद करू नका. पुसा, पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, मग सिलिका जेलसह ठेवा. भिंगावर बाहेरून बाष्प आले तर ते आपोआप जाते. आतून आले तर सील गेले आहे. ते घरी उघडायचे नाही.

सेमी-ऑटोत काजळी आणि शिशाचे कण पुढच्या भिंगावर बसतात. आधी ब्लोअरने उडवा, मग मऊ ब्रश, मग लेन्स-पेपर. सदऱ्याच्या टोकाने पुसले की कण घासून लेपावर ओरखडे पडतात.